गावाच्या पाणीटंचाईसारखा गुंतलेला प्रश्न कसा हाताळावा: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

गावाच्या पाणीप्रश्नाचा आराखडा करायला बसलेला गट बहुतेक वेळा पहिल्याच बैठकीत कामांची यादी करतो. दोन सिमेंट नाला बंधारे, एका ओढ्याचे खोलीकरण, दहा शेततळी. मग त्या यादीला शोभेल असा प्रश्न लिहिला जातो, अंदाजपत्रक लागते, कामे होतात आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा वेशीवर येतो. प्रत्येक वेळी कामेच निकृष्ट असतात असे नाही. पायऱ्यांचा क्रम उलटा लागलेला असतो.

सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासात अशा प्रश्नांचा वेगळा विचार होतो. बर्कलीच्या विद्यापीठातले हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये या प्रश्नांची लक्षणे मांडली. त्यातली तीन कामाला लागल्यावर रोज आडवी येतात. प्रश्न नेमका कोणता यावरच लोकांचे एकमत नसते. उत्तर बरोबर की चूक असे ठरत नाही, फार तर बरे किंवा वाईट ठरते. आणि केलेला प्रत्येक उपाय मागे काही ना काही ठेवून जातो, त्यामुळे पाटी पुसून पुन्हा सुरुवात करता येत नाही. पुढच्या पायऱ्या ही लक्षणे धरून लावल्या आहेत. उदाहरण दख्खनच्या पठारावरच्या, काळ्या पाषाणावर वसलेल्या अवर्षणप्रवण गावाचे आहे. कुपोषण, ऊसतोडीचे स्थलांतर, शहरातला कचरा यांचे आकडे वेगळे असतील, पण क्रम हाच राहील.

## तयारी: बैठकीआधी हातात काय हवे

किमान एक पूर्ण पाणीवर्ष, म्हणजे जून ते मे, या कामाला द्यावे लागते. दोन महिन्यांत आराखडा मागणारा निधी असेल, तर त्यातून फक्त मोजणीची साधने घ्या आणि बांधकाम पुढच्या वर्षावर टाका.

गट पाच-सहा जणांचा पुरे, पण त्यात ठरावीक माणसे हवीतच: भूगर्भातले पाणी समजणारे कोणी, नोंदवही नेमाने भरणारे कोणी, वाडीवस्तीवर हंड्याने पाणी भरणारी बाई, कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन कुटुंबातले कोणी. बागायतदाराला वेगळे बोलवावे लागत नाही, तो आलेलाच असतो.

जमवायचे कागद:

- गावाचा गटनकाशा आणि पाणलोटाचा नकाशा
- गेल्या पाच वर्षांची पीकपाहणी, हंगामवार
- जवळच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद. नुसती वार्षिक बेरीज पुरत नाही.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या (ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे)
- पंचायत समितीकडची टँकरची वर्षवार यादी: कोणत्या वस्तीला, किती तारखेपासून
- गाव अटल भूजल योजनेत (केंद्राची भूजल व्यवस्थापनाची योजना) आले असेल तर तेव्हा झालेला जलसुरक्षा आराखडा

तपासणी: पीकपाहणीत लिहिलेला ऊस आणि शिवारात उभा असलेला ऊस जुळतो का, हे दोन गट क्रमांकांच्या शेतांत प्रत्यक्ष फिरून पाहा. फरक मोठा असेल तर पुढची सगळी गणिते शिवारफेरीच्या आकड्यांवर करा.

## पायरी १: प्रश्न लिहा, पण त्यात उपाय येऊ देऊ नका

"गावात पुरेसे बंधारे नाहीत" हा प्रश्न म्हणून लिहिला की उत्तर आधीच ठरते. प्रश्नाच्या वाक्यात कोणत्याही बांधकामाचे, योजनेचे किंवा यंत्राचे नाव नसावे. वाक्यात चार गोष्टी याव्यात: कोणाला, कोठे, कधी, किती. उदाहरणार्थ: "मार्च ते जून या काळात दोन वस्त्यांवरच्या सार्वजनिक विहिरींत माणशी ५५ लिटर पाणी मिळत नाही." ५५ लिटर हा जल जीवन मिशनचा निकष आहे.

आता हेच वाक्य गावातल्या वेगवेगळ्या लोकांकडून लिहून घ्या आणि ते वेगवेगळ्या बैठकांत घ्या. एकत्र बसवले की पहिला बोलणारा प्रश्न ठरवतो आणि बाकीचे माना डोलावतात. बागायतदार म्हणेल, उसाला शेवटची दोन पाणी कमी पडतात. कोरडवाहू शेतकरी म्हणेल, सप्टेंबरात पावसाने ताण दिला तर ज्वारी पेरता येत नाही. वस्तीवरची बाई सांगेल, विहिरीचे पाणी आटते त्याच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या बोअरला मोटार बसलेली असते. या तिघांचे प्रश्न वेगळे आहेत आणि पाणी मात्र एकच आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याचा प्रश्न वाढवू शकते.

सावधान: ही सगळी वाक्ये एकत्र करून "गावातील पाणीटंचाई दूर करणे" असे गुळगुळीत उद्दिष्ट करू नका. मतभेद कागदावर राहू द्या. पाचव्या पायरीत ते लागतात.

## पायरी २: हद्द ठरवा

महसुली गावाची शीव पाण्याला कळत नाही. तीन हद्दी एकाच नकाशावर तीन रंगांत काढा.

पहिली पाणलोटाची: पाऊस पडून कोणत्या ओढ्याला जातो. दुसरी जलधराची, म्हणजे जमिनीखाली पाणी धरणाऱ्या थराची. तिसरी कारभाराची: ग्रामसभेचा ठराव कोठवर चालतो.

दुसऱ्या हद्दीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपल्या पठाराखाली बेसॉल्टचे थर एकावर एक आहेत. कुजलेला, भेगाळ किंवा सच्छिद्र थर पाणी धरतो, तर घट्ट काळा पाषाण जवळजवळ काहीच धरत नाही. विहिरीच्या उघड्या बाजूंवर हे थर डोळ्यांनी दिसतात. गावातल्या पंधरा-वीस विहिरींत कोणत्या खोलीला कोणता थर लागला हे लिहून काढा. वरच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या विहिरींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की जलधर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो याचा अंदाज येतो.

ही नोंद नसेल तर बंधारा घट्ट पाषाणावर बांधला जातो. पाणी साठते, फोटो चांगला येतो, पण ते मुरत नाही आणि उन्हाने उडून जाते. खोलीकरणात उलटा धोका असतो. ओढ्याचा तळ खणत पाणी धरणारा थरच कापला गेला, तर आजूबाजूच्या विहिरींचे पाणी ओढ्यात उतरून वाहून जाते.

तपासणी: जलधराचा मोठा भाग शेजारच्या गावात असेल तर त्या ग्रामपंचायतीला आत्ताच बोलवा. कामे झाल्यावर बोलावले तर भांडण ठरलेले.

## पायरी ३: ताळेबंद मांडा

इथे घाई करू नका. पुढच्या सगळ्या वादात हाच कागद टेबलावर राहणार आहे.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर पाणी. नमुन्यादाखल गाव १,००० हेक्टरचे, लोकसंख्या २,०००, गुरे १,००० आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरू.

- एकूण पाऊस: १,००० × ५०० × १० = ५० लाख घनमीटर
- जमिनीत मुरणारा भाग: कुजलेल्या बेसॉल्टसाठी भूजल अंदाजात ६ ते ८ टक्के धरतात, सच्छिद्र-भेगाळ थराला १२ ते १४ आणि घट्ट पाषाणाला १ ते ३. मिश्र शिवाराला ८ टक्के धरले तर ४ लाख घनमीटर
- मुरलेल्या पाण्यातून ओढ्याला आपोआप जाणारा भाग, १० टक्के: ४० हजार
- माणसांसाठी, माणशी ५५ लिटर: वर्षाला सुमारे ४० हजार
- गुरांसाठी, दर गुरामागे ५० लिटर: सुमारे १८ हजार

शेतीसाठी उरले सुमारे ३ लाख घनमीटर.

मोकाट पाण्यावरच्या उसाला पावसाखेरीज हेक्टरी १८,००० घनमीटर धरले, तर हे पाणी सुमारे १७ हेक्टर उसात संपते. तेच पाणी रब्बी ज्वारी-हरभऱ्याला ६० मिलिमीटरची एक संरक्षित पाळी (पीक वाचवण्यापुरते एकदाचे पाणी) म्हणून दिले, तर सुमारे ५०० हेक्टरला पुरते. गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी सव्वादोन हेक्टर उसाइतके भरते. हे तीन आकडे ग्रामसभेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

दिलेल्या पाण्यातले थोडे परत मुरते, शेजारच्या शिवारातून थोडे येते-जाते. म्हणून गणित नेमके नाही आणि तसा दावाही करू नका. पण १७ आणि ५०० मधला फरक या चुकीने मिटत नाही.

आता उपसा मोजा. दोनशे लिटरचा पिंप पंपाच्या तोंडाशी लावा आणि भरायला लागणारा वेळ घ्या. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर. आठ तास वीज राहिली तर एका पंपाचा दिवसाचा उपसा १,४४,००० लिटर होतो. दोन हजार माणसांची ५५ लिटरप्रमाणे दिवसाची गरज १,१०,००० लिटर आहे. वेगवेगळ्या खोलीच्या किमान दहा पंपांवर ही मोजणी करा, कारण खोली वाढली की त्याच अश्वशक्तीचा पंप कमी पाणी काढतो.

सावधान: ताळेबंद एकाच पावसावर मांडणे ही सर्रास होणारी चूक आहे. तोच कागद ३०० आणि ७०० मिलिमीटरवर पुन्हा करा. ३०० ला, मुरण्याचे प्रमाण तेच धरले तरी, शेतीला १.६ लाख घनमीटरच्या आतच उरते. प्रत्यक्षात कमी पावसात मुरण्याचे प्रमाणही घटते. आराखडा ३०० वर टिकला पाहिजे.

## पायरी ४: कारणांची साखळी काढा, बाण परत कोठे वळतो ते शोधा

कारणांची सरळ यादी उपयोगी नाही. भिंतीवर मोठा कागद लावा, प्रत्येक गोष्ट एका चौकटीत लिहा आणि बाण जोडा. जिथे बाण फिरून सुरुवातीच्या चौकटीकडे येतो तिथे प्रश्न स्वतःला पोसतो आहे असे समजा.

पठारावरच्या बहुतेक गावांत तीन फेरे सापडतात.

बोअरचा फेरा: पातळी खाली गेली की एक जण खोल बोअर घेतो, शेजाऱ्याची विहीर आटते, मग तोही घेतो, पातळी आणखी खाली जाते. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो, म्हणूनच उपदेशाने हा फेरा तुटत नाही.

कर्जाचा फेरा: बोअरसाठी कर्ज, कर्ज फेडायला खात्रीचे पीक. उसाला सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर आहे, घ्यायला कारखाना आहे. ज्वारीला अशी खात्री नाही. ऊस लावला की पाणी अधिक लागते, आणि पुन्हा बोअर. राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, त्यामुळे जास्तीचा तास पंप चालवण्याचा खर्च शेतकऱ्याला दिसत नाही. या चौकटीवर ग्रामसभेचा ताबा नाही. तसे तिथे लिहून ठेवा.

शेततळ्याचा फेरा: शेततळे वाहते पाणी अडवण्यासाठी आहे. प्लास्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले की सर्वांचे भूजल एकाच्या ताब्यात जाते आणि वर उन्हात उघडे पडते. ३० × ३० × ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर उडते असे धरले, तर चार महिन्यांत ९५ सेंटीमीटरचा थर जातो, म्हणजे सुमारे ८०० घनमीटर. तळ्यातले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी पिकाला न लागताच गेले. फळबाग जगवणाऱ्या शेतकऱ्याचा यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण गावाच्या ताळेबंदात हा खर्च धरलाच पाहिजे.

तपासणी: तुमच्या कागदावर एकही बाण मागे वळत नसेल तर काम अर्धवट आहे. पुन्हा बसा.

## पायरी ५: उपायांची पारख

आता कामांची यादी करायला हरकत नाही. उपाय तीन खान्यांत लिहा: पाणी वाढवणारे, मागणी घटवणारे आणि वाटप ठरवणारे. पहिला खाना भरून वाहतो, तिसरा कोरा राहतो. कोरा खाना असलेला आराखडा पुढे पाठवू नका.

कारण असे. नवे पाणी मुरले आणि कोणी किती उपसायचे हे ठरले नसेल, तर ते सर्वांत खोल बोअरवाल्याकडे जाते. जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, २०२० च्या अहवालात आला. कामे कमी पडली एवढाच त्याचा अर्थ काढला तर तीच चूक पुन्हा होईल.

प्रत्येक उपायाला हे प्रश्न विचारा आणि उत्तर नावानिशी नाही तरी गटानिशी लिहा:

- यात कोणाचे नुकसान आहे? त्याला बदल्यात काय मिळेल?
- नियम चुकवायचा झाला तर लोक कसा चुकवतील?
- ३०० मिलिमीटरच्या वर्षी हा उपाय काय करील?
- चुकला तर मागे फिरता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन द्या. पीकबदलाचा करार एका हंगामात मोडता येतो. ओढा चुकीच्या ठिकाणी फोडला तर तो थर परत बसत नाही.

ठिबकबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. ठिबकने हेक्टरी पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बागायत वाढवली तर गावाचा एकूण उपसा तेवढाच राहतो. ठिबकचा उपाय लिहिताना शेजारी बागायत क्षेत्राची मर्यादा लिहा, नाहीतर तो मागणी घटवणाऱ्या खान्यातून काढून टाका.

## पायरी ६: नियम, आणि तो पाळला जाण्याची सोय

सामायिक साधनांचा कारभार लोक स्वतः कसा चालवतात याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रम यांनी केला. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना दिसलेल्या गोष्टी इथे थेट वापरता येतात: हद्द स्पष्ट असणे, नियम पाळणाऱ्यांनीच नियम करणे, देखरेख त्यांच्यातल्याच माणसांनी करणे आणि शिक्षा लहानापासून मोठीकडे जाणे.

महाराष्ट्रात याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर बंद आहे आणि दरवर्षीच्या पावसाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. नक्कल करायला गेलेली गावे तिथले बंधारे मोजून येतात. पाहायचे ते ठराव, नोंदवह्या आणि ठराव मोडल्यावर काय होते हे.

नियम लिहिताना असा क्रम ठेवा:

१. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढा. कोणत्या विहिरी फक्त पिण्यासाठी, हे गट क्रमांकासह लिहा.

२. ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर, रब्बीचे क्षेत्र ठरवा. जूनमध्ये ठरवलेले आकडे अंदाजाचे असतात.

३. पहिल्या चुकीला ग्रामसभेत नाव वाचणे, दुसरीला ठरलेला दंड, तिसरीला पाळी बंद. पहिल्याच चुकीला मोठा दंड लावला की तो वसूल होत नाही आणि नियम मेला.

४. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचा हा आधार जोडा, म्हणजे तो नुसता सामाजिक दबाव राहत नाही.

सावधान: उसाचे क्षेत्र एका वर्षात शून्य करण्याचा ठराव करू नका. लावलेला ऊस आणि त्यावरचे कर्ज उभे असते. खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला) नवे पाणी नाही, नवी लागण नाही, अशा उतरत्या क्रमाने दोन-तीन हंगाम द्या.

## पायरी ७: लहान प्रयोग, आणि मोजणी कामाच्या आधीपासून

सगळ्या गावावर एकदम प्रयोग करू नका. एका ओढ्याचा पाणलोट किंवा एक वस्ती घ्या. मोजणी मात्र काम सुरू होण्याच्या आधीच्या ऑक्टोबरपासून हवी. काम झाल्यावर सुरू केलेल्या मोजणीतून काहीही सिद्ध होत नाही.

विहिरीची पातळी घेण्याची रीत: कठड्यावर तेलरंगाने एक खूण करा आणि नेहमी तिथूनच टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, वीज येण्याआधी आणि रात्रभर पंप बंद असताना मोजा. पंप चालू होता तर आकडा लिहा, पण शेजारी तसे नोंदवा. पंधरा-वीस विहिरी पुरतात: काही माथ्याजवळच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या.

प्रयोगात नसलेल्या शेजारच्या गावातल्या पाच-सहा विहिरीही मोजा. ही पायरी गाळली जाते आणि मग चांगल्या पावसाचे श्रेय कामांना दिले जाते. पाऊस चांगला झाला तर दोन्हीकडची पातळी चढते. तुमच्याकडे किती जास्त चढली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मार्चनंतर किती हळू उतरली, हे पाहायचे आहे.

## पायरी ८: दर मे महिन्यात फेरविचार

या प्रश्नाला "पूर्ण" असा शिक्का नाही. म्हणून कधी थांबायचे आणि कधी वाट बदलायची हे आधीच लिहून ठेवा. निकष मोजके आणि कठोर असू द्या. दोन वर्षे ओळीने मे महिन्याची पातळी शेजारच्या गावाइतकीच खाली गेली, तर बांधकामाचा निधी थांबवून वाटपाच्या नियमांकडे वळायचे. नव्या बोअरची संख्या वाढली, तर नियम पाळला जात नाही असे धरायचे, कारणे मागाहून शोधायची. टँकर ज्या वस्तीला येत होता तिथेच अजून येत असेल, तर गावाची सरासरी कितीही सुधारली तरी पहिल्या पायरीचे वाक्य तसेच उभे आहे.

फेरविचाराच्या बैठकीत पहिल्या पायरीतली वेगवेगळी वाक्ये पुन्हा वाचा, त्याच लोकांसमोर. काहींचा प्रश्न हलका झाला असेल, काहींचा जड. ज्यांचा जड झाला त्यांच्यापासून पुढच्या वर्षाची यादी सुरू करा.

ग्रामसेवक बदलतो, सरपंच बदलतो, संस्थेचा प्रकल्प संपतो. पातळ्यांची नोंदवही, गटनकाशावरच्या तीन हद्दी, तीन पावसांवरचे ताळेबंद आणि ठरावांच्या प्रती यांचे दोन संच करा. एक ग्रामपंचायतीत आणि एक गावातल्या शाळेत ठेवा. ज्यांनी वर्षभर टेप सोडली त्यांच्याकडून दर मे महिन्यात आणखी दोघांना मोजणी शिकवून घ्या.